स्वतःचा पोकेमॉन बनवायचाय? आधी भिंतीवरचं मडकं बघा!

ज्यांना हा भाग बसमध्ये नीट ऐकू आला नाही, आणि ज्यांना आकडे डोळ्यांसमोर हवेत, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना झालेला फाफटपसारा कापलाय, बाकी गप्पा त्याच.

आजचा विषय फेकमॉन. म्हणजे कंपनीने नाही, तर चाहत्यांनी स्वतः रचलेले पोकेमॉन. वहीच्या मागच्या पानावर ड्रॅगन काढून त्याला आग आणि पंख दिले, की झाला फेकमॉन? काढायला काहीच हरकत नाही. पण लोकांच्या लक्षात राहील असा प्राणी हवा असेल, तर थोडा विचार करावा लागतो.

सगळं सुरू झालं किड्यांपासून

२७ फेब्रुवारी १९९६ ला जपानमध्ये गेम बॉयवर रेड आणि ग्रीन हे पहिले दोन गेम आले. त्यात एकूण १५१ प्राणी. ही कल्पना सातोशी ताजिरी यांची. लहानपणी टोकियोजवळच्या माचिदा भागात ते किडे गोळा करत फिरायचे. पुढे तिथली शेतं, तळी जाऊन इमारती आल्या. किडे शोधण्याची, पकडण्याची, मित्राबरोबर अदलाबदल करण्याची ती मजा गेममध्ये आणायची, हा त्यांचा विचार. ते प्राणी कागदावर उतरवण्यात केन सुगिमोरी यांचा मोठा वाटा होता, आणि पिकाचू काढला अत्सुको निशिदा यांनी.

यातून पहिला धडा: दुसरा पोकेमॉन बघून पोकेमॉन काढू नका. खरी गोष्ट बघा. गेममधले प्रदेशही खऱ्या जागांवरूनच आलेत. कांतो जपानमधलाच, गालार ब्रिटनवरून, पाल्देया स्पेन-पोर्तुगालवरून. मग आपल्या घराची भिंत का नको?

चला, एक बनवूया

खिडकीच्या कोपऱ्यात, ट्यूबलाइटच्या पट्टीवर मातीचं इवलंसं मडकं चिकटलेलं पाहिलंय? अगदी छोटा गळा असलेलं? ते कुंभारीण माशीचं घर. ही गांधीलमाशीच्या कुळातली. पाणी आणि माती कालवून ती मडकं घडवते, आत अंडं घालते, नांगी मारून बधिर केलेल्या अळ्या आत भरते आणि तोंड बंद करते. पिल्लू बाहेर आलं की जेवण तयार!

आता हे आधीच कोणी वापरलंय का, ते बघा. गांधीलमाशी आहे, बीड्रिल. पण तो भाला घेतलेला लढवय्या. आपली आहे कारागीर. म्हणजे वाट मोकळी आहे.

पहिलं रूप, मडक्यातून फक्त डोळे दिसणारी अळी: मडकुल्या. दुसरं रूप, चार हातांत चार मडकी घेऊन उडणारी माशी: कुंभील. कुंभ अधिक गांधील. नाव असंच दोन शब्दांच्या जोडणीतून किंवा गमतीतून येतं. इंग्रजीतला एकान्स हा स्नेक उलटा वाचलेला, आणि आर्बोक म्हणजे कोब्रा उलटा, फक्त सी ऐवजी के!

काळ्या रंगाची परीक्षा

चित्र झालं की ते पूर्ण काळं भरा आणि मित्राला दाखवा. कार्टूनमध्ये मध्येच यायचं ना, काळी आकृती दाखवून "ओळखा पाहू"? तेच. नुसत्या सावलीवरून प्राणी ओळखू आला पाहिजे. कुंभीलची बारीक कंबर आणि गोल मडकी सावलीतही कळतात. पण पाठीवर काटे, गळ्यात माळ, शेपटीला ज्वाळा असं सगळं लावलं तर? नुसता गोळा दिसतो.

पहिल्या गेममध्ये समोरच्या प्राण्याचं चित्र जास्तीत जास्त ५६ बाय ५६ पिक्सेलमध्ये बसवायचे, आणि गेम बॉयला छटा फक्त चार. त्यामुळे नको ते आपोआप गळायचं. आज मोबाइलवर लाखो रंग आहेत, म्हणून मर्यादा आपणच घालायची. मुख्य रंग तीन, फार तर चार.

टाइप आणि आकडे

सध्या टाइप १८ आहेत. कुंभील कीटक आणि जमीन या दोन टाइपचा. हिशोब केला तर आग, पाणी, बर्फ आणि उडणारे हल्ले त्याला दुप्पट लागतात, विजेचा मात्र काहीच परिणाम नाही. पाण्याचं पटतं, कच्ची माती विरघळणारच. पण आग? मडकं तर आगीत पक्कं होतं! मग त्याला खास गुण द्या: आगीचा हल्ला झाला की बचाव वाढतो. पाल्देयातल्या डॅक्सबनकडे असाच गुण आहे, कारण तो भाजलेला पाव आहे. नियम आणि गोष्ट अशी एकमेकांत बसली की प्राणी खरा वाटायला लागतो.

आता आकडे. नवखे इथेच घसरतात, सगळीकडे १५० टाकतात. अंदाज घ्या: सहा गुणांची बेरीज पिकाचूची ३२०, चारिझार्डची ५३४, म्यूटूची ६८०. आपल्या कुंभीलला ४८० पुरे:

- जीव ६५
- हल्ला १००
- बचाव ११५
- विशेष हल्ला ४५
- विशेष बचाव ७०
- वेग ८५

विशेष हल्ला मुद्दाम कमी ठेवलाय. ज्याला काहीच कमी नाही, त्याच्यासोबत खेळताना डोकं लावावं लागत नाही, मग मजा कसली?

आता महत्त्वाचं: हा प्राणी कोणाचा?

पोकेमॉन युरेनियम हा चाहत्यांनी बनवलेला गेम. जवळपास नऊ वर्षं काम करून २०१६ च्या ऑगस्टमध्ये आला, त्यात दीडशेहून जास्त नवे प्राणी. थोड्याच दिवसांत १५ लाखांवर डाउनलोड झाल्याचं निर्मात्यांनी सांगितलं. मग निन्टेन्डोच्या वकिलांच्या नोटिसा आल्या आणि त्यांनी डाउनलोडच्या लिंक काढून टाकल्या. प्राणी नवे होते, पण नाव आणि जग दुसऱ्याचं होतं.

भारतात तुम्ही काढलेल्या मूळ चित्राचा कॉपीराइट काढल्याक्षणीच तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. पण नुसत्या कल्पनेला ते संरक्षण नाही. कुंभारीण माशीवरून प्राणी उद्या कोणीही बनवू शकतो, तुमचं चित्र मात्र उचलू शकत नाही. आणि पोकेमॉन हे नाव, तो लाल-पांढरा बॉल, पिकाचू, यातलं काहीच तुमचं नाही.

म्हणून सुरुवातीपासून दोन फोल्डर ठेवा. एकात पोकेमॉनच्या जगातली फॅन-आर्ट, हौसेची, विकायची नाही. दुसऱ्यात फक्त तुमचा प्राणी: त्याचं नाव, त्याची गोष्ट, तारखांसकट कच्ची चित्रं. टेमटेम आणि कॅसेट बीस्ट्स हे गेम असेच स्वतःच्या प्राण्यांवर उभे राहिले. कुंभीलमधून टाइप आणि आकडे काढून टाका, तरी मडकी घडवणारी कारागीर माशी उरतेच. ती तुमची.

या आठवड्याचा गृहपाठ: घरात किंवा अंगणात एक जीव शोधा, दहा मिनिटं नुसता बघा, तो काय करतो ते तीन ओळींत लिहा. चित्र त्यानंतर. भेटू पुढच्या भागात, तोपर्यंत भिंतीवरचं ते मडकं झाडूने पाडू नका!