निळी बाटली आणि सासूबाईंची टाच

माझ्या साठीला लेकीने एक इवलीशी बाटली दिली. आत मोरचुदासारखे निळे पाणी. "आई, हे कॉपर पेप्टाइड. रोज रात्री चेहऱ्याला दोन थेंब." किंमत मी विचारली नाही. खोक्यावर वाचली आणि गप्प बसले.

खोक्यावर 'त्वचेची दुरुस्ती' असेही छापले होते. ते सासूबाईंनी नेमके ऐकले. वय ८३, जुना मधुमेह आणि महिनाभर न भरणारी टाचेची जखम. "अगं, मग माझ्या टाचेलाच लाव की. तुझ्या सुरकुत्यांना कसली घाई आहे?"

खरे सांगते, माझा हात बाटलीकडे गेला होता. तांबे तर आपल्या घरातलेच. रात्री तांब्याच्या भांड्यात भरलेले पाणी या घरात सकाळी सगळे पितात. अपाय तो काय होणार? तरी म्हटले, आधी वाचून पाहावे.

आणि गंमत अशी, की सासूबाईंचा तर्क अगदीच वेडगळ नव्हता. १९७३ साली लॉरेन पिकार्ट या अमेरिकी संशोधकाने हा पदार्थ माणसाच्या रक्तद्रवातून वेगळा केला, तेव्हा तो सुरकुत्यांच्या नव्हे, यकृताच्या पेशींच्या मागे होता. ग्लायसिन, हिस्टिडिन, लायसिन अशा तीन अमिनो आम्लांची ही छोटी माळ तांब्याला घट्ट धरून ठेवते. रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये ती विशीत सुमारे २०० नॅनोग्रॅम, तर साठीत ८०, असे पिकार्ट सांगतात. हेच तीन मणी त्वचेच्या कोलॅजेनमध्येही ओवलेले असतात. जखमेत कोलॅजेन तुटले की ते सुटे होऊन दुरुस्तीची हाक देत असावेत, असा कयास. १९८८ मध्ये फ्रान्समधल्या माकार आणि सहकाऱ्यांनी काचपात्रातल्या पेशींना हे संयुग दिले, तर त्या जास्त कोलॅजेन तयार करू लागल्या. शिवाय कोलॅजेनचे धागे एकमेकांना बांधणाऱ्या एन्झाइमला तांबे लागतेच.

पण काचपात्र म्हणजे टाच नव्हे. मधुमेहींच्या पायांच्या जखमांवर अमेरिकेत १९९० च्या दशकात याच्या चाचण्या झाल्या. सुरुवातीला आशा वाटली, पण डॉक्टरांनी सर्रास लिहून द्यावे असे औषध त्यातून उभे राहिले नाही. उरली ती प्रसाधने, आणि ती धड त्वचेसाठी असतात, उघड्या जखमेसाठी नव्हेत. मधुमेह्याच्या पायाची जखम अडते ती मंदावलेल्या रक्तपुरवठ्याने, बोथट झालेल्या संवेदनेने, वाढलेल्या साखरेने आणि त्याच जागी पडणाऱ्या भाराने. त्यावर दोन थेंब काय करणार?

दुसऱ्याच दिवशी रिक्षा करून सासूबाईंना सर्जनकडे नेले. त्यांनी मेलेली कातडी काढली, टाचेवर भार येऊ नये म्हणून वेगळी चप्पल सांगितली, साखरेची औषधे बदलून घ्यायला लावली. "आणखी पंधरवडा घरी काढला असतात, तर हाडापर्यंत गेली असती," ते म्हणाले. मी बाटलीचा विषयही काढला नाही.

जखम आता भरत आली आहे. बाटली मी वापरते, आठवण झाली तर. ड्रेसिंग बदलताना सासूबाई माझा चेहरा निरखून पाहतात आणि म्हणतात, "काही फरक नाही हो."