भट्टीत इंधनच नव्हतं, मग फुकुशिमाच्या ४ नंबरच्या इमारतीत स्फोट कसा झाला?

११ मार्च २०११ ला जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली, तेव्हा फुकुशिमा दाइचीची ४ नंबरची अणुभट्टी देखभालीसाठी बंद होती. भट्टीतलं सगळं इंधन काढून त्याच इमारतीत वरच्या बाजूला पाण्याच्या टाकीत ठेवलेलं. तरीही १५ मार्चच्या सकाळी इमारतीत स्फोट झाला.

पहिला संशय टाकीवर गेला. पाणी संपलं असेल, इंधन तापलं असेल. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाच्या प्रमुखांनी तर टाकीत पाणीच नाही असं जाहीरपणे सांगितलं. अमेरिकेने आपल्या नागरिकांना ८० किलोमीटर दूर जायला सांगितलं. प्रत्यक्षात टाकीत पाणी होतं.

खरं कारण शेजारी होतं, ३ नंबरच्या भट्टीत. वीज गेल्याने तिथलं इंधन थंड होईना. इंधनावर झिर्कोनियमचं आवरण असतं. ते प्रचंड तापलं की वाफेशी त्याची क्रिया होऊन हायड्रोजन तयार होतो. भट्टीभोवतीच्या बंदिस्त कवचातला दाब वाढत जातो. कवच फुटू नये म्हणून वाफ आणि गॅस मुद्दाम बाहेर सोडतात. हेच व्हेंटिंग. कुकरच्या शिट्टीसारखं, पण शिट्टी आपोआप होते. इथे व्हॉल्व उघडायलाही वीज नव्हती. १ नंबरच्या भट्टीत तर कर्मचाऱ्यांना अंधारात, किरणोत्साराचा धोका पत्करून आत जावं लागलं आणि एक व्हॉल्व हाताने फिरवावा लागला.

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा). ३ आणि ४ नंबरची चिमणी एकच होती. ३ नंबरच्या व्हेंटचा पाइप चिमणीआधी ४ नंबरच्या गॅस शुद्धीकरण यंत्रणेच्या पाइपला जोडलेला होता. ही यंत्रणा इमारतीतली हवा फिल्टरमधून गाळून चिमणीकडे पाठवते. संकटात ती अडकू नये म्हणून वीज गेली की तिचे व्हॉल्व उघडतात. ते उघडले. गॅस उलटा येऊ नये म्हणून लागणारी झडप ४ नंबरला नव्हती. हवा स्वच्छ करायच्या पाइपमधूनच हायड्रोजन आत शिरला.

पुरावा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिळाला. टेपको कंपनीने ४ नंबरच्या फिल्टरजवळचा किरणोत्सार मोजला. हवा आतून बाहेर गेली असती, तर इमारतीकडची बाजू जास्त दूषित असती. जास्त दूषित निघाली ती चिमणीकडची बाजू.

ज्या टाकीवर संशय होता, तिच्यातले इंधनाचे सर्व १५३५ जुडगे डिसेंबर २०१४ पर्यंत बाहेर काढण्यात आले.