लोशन की मलम?

दिवाळी सरून थंडी पडली, की मुलांचे हातपाय उलू लागतात. इसब असलेल्या मुलाची तर कातडी कोरडी पडून रात्रभर खाज सुटते. आई बिचारी दुकानात विचारात पडते: लोशन घ्यावे, क्रीम, जेल की मलम?

इंग्लंडात ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी इसबाच्या ५५० मुलांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, चार गट पाडले. प्रत्येक गटाला एकेक प्रकार दिला व सोळा आठवडे गुण पाहिला. २०२२ साली निकाल प्रसिद्ध झाला: गुणाला चारही सारखेच! चुरचुर मात्र मलमाने कमी झाली.

तेव्हा मातांनो, मूल जे कुरकुर न करता रोज लावून घेईल, तेच घरी आणावे!