चांद्याच्या उन्हात रत्नआमरी

ज्या मुलखात वैशाखातल्या दुपारी पारा ४५ अंशांच्या पुढे सहज जातो, दोरीवर टाकलेले धोतर पाठ वळवेपर्यंत वाळते आणि सागाचे रान पाने टाकून उघडेवाघडे उभे राहते, त्या चांद्याच्या मुलखात, जावा-बोर्निओच्या सदाहरित अरण्यांतली, सूर्याचा थेट किरण क्वचितच पाहणारी आणि कुजक्या पालापाचोळ्यात सरपटत वाढणारी एक नाजूक वनस्पती घरात बाळगावयाची आणि तिच्याकडून फुलांची अपेक्षा करावयाची, हा उद्योग प्रथमदर्शनी विक्षिप्तपणाचा वाटेल, हे मला मान्य आहे. तथापि या चंद्रपूर-गडचिरोलीच्या हवेची जी दुष्कीर्ती आहे, तिच्यात निम्मेच सत्य असते. उरलेल्या निम्म्यात चार महिन्यांचा भरघोस पाऊस आणि स्वच्छ, थंड रात्रींचा हिवाळा येतो, आणि या वनस्पतीच्या दृष्टीने नेमके हे उरलेले निम्मेच मोलाचे आहे.

आमरी, म्हणजे ज्याला आपण आता सर्रास ऑर्किड म्हणतो ते कुल, जगात फुलांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच कुलातला एक लहानसा गोतावळा मात्र पानांसाठी पाळला जातो आणि त्याला बागवान मंडळी ‘ज्युएल ऑर्किड’ म्हणतात; या लेखापुरते आपण त्याला रत्नआमरी म्हणू. लुडिसिया, मॅकोडीस, अॅनेक्टोकायलस, डॉसिनिया, गुडियेरा ही त्यांतली मुख्य घराणी. लुडिसिया डिस्कलर ही दक्षिण चीनपासून ब्रह्मदेश, मलाया, इंडोनेशियापर्यंत पसरलेली. १८१८ साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रथम झाले ते गुडियेरा या नावाखाली, आणि पुढे १८२५ साली आशील रिशार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने तिच्यासाठी लुडिसिया ही स्वतंत्र प्रजाती मांडली. तिचे पान काळपट तांबूस, मखमली, आणि त्यावर लाल-गुलाबी शिरांच्या समांतर रेघा. मॅकोडीस पेटोलाच्या गर्द हिरव्या पानावर सोनेरी शिरांचे असे दाट जाळे असते की जुन्या पैठणीच्या पदरावर उन्हाची तिरीप पडावी आणि जर पेटून उठावी, तसे ते हातात धरून किंचित कलते केले की चमकते. अॅनेक्टोकायलसची एक जात सिंहलद्वीपात ‘वनराजा’ या नावाने ओळखली जाते आणि दुसरी, अॅनेक्टोकायलस इलेटस, आपल्याच पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडे, केरळ-तमिळनाडूच्या सदाहरित रानांत आढळते.

या पानांची मखमल केवळ शोभेची नव्हे. पृष्ठभागावरची प्रत्येक पेशी शंकूसारखी उंचावलेली असते आणि घनदाट अरण्याच्या तळाशी जो थोडासा प्रकाश झिरपून येतो तो गोळा करून आत उतरवण्याचे काम ती भिंगाप्रमाणे करते, असे शास्त्रज्ञ सांगतात. अंधाराशी इतकी जुळवून घेतलेली ही पाने उघड्या उन्हात ठेवली तर दोन दिवसांत पांढुरकी पडून करपतात, यात नवल नाही.

युरोपात ही झाडे घराघरांत पोहोचली ती काचेच्या पेटीमुळे, आणि त्या पेटीचा इतिहास आपल्या देशाशीही बांधलेला आहे. १८२९ च्या सुमारास नॅथनिएल वॉर्ड नावाच्या लंडनच्या एका वैद्याने पतंगाचा कोष ओलसर मातीसह बाटलीत बंद करून ठेवला असता कोषाचे काय झाले ते बाजूलाच राहिले, पण त्या मातीत नेचा उगवला; लंडनच्या धुरकट हवेत त्याच्या बागेत जे नेचे जगत नव्हते ते बंद काचेत मात्र जगले. १८४२ साली त्याने यावर पुस्तक लिहिले आणि त्याच्या नावाच्या काचपेट्या जहाजांच्या डेकवर चढल्या. रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आणली ती अशाच पेट्यांतून. साहेबाच्या दिवाणखान्यात हंडीसारख्या काचेखाली रत्नआमरी मांडण्याची हौस त्याच काळातली. आज आपण ज्याला टेरॅरियम म्हणतो ते त्या हौसेचेच वंशज होय. मात्र लंडनच्या गारठ्यासाठी काढलेली युक्ती चंद्रपूरच्या उन्हाळ्यात जशीच्या तशी वापरली तर काय होईल, ते पुढे येईलच.

‘चांदा ते बांदा’ असे आपण महाराष्ट्राचे वर्णन करतो, पण आमरींच्या बाबतीत या दोन टोकांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे फादर सान्तापाव आणि त्यांचे सहकारी कापडिया यांचा मुंबई इलाख्यातील आमरींवरचा ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला; त्यातले वैभव प्रामुख्याने सह्याद्रीचे, म्हणजे बांद्याकडचे. चांद्याच्या वाट्याला आल्या त्या काटक आमरी. मोहाच्या खरबरीत सालीवर मुळे पसरून बसणारी व्हँडा टेसेलाटा ही त्यांत ठळक. लोक तिला बांडगुळाच्या पंक्तीला बसवतात, पण ती झाडाचा रस शोषीत नाही. तिची जाड, पन्हाळीसारखी पाने आणि पाणी धरून ठेवणारे मुळांवरचे स्पंजासारखे आवरण यांच्या बळावर ती सारा उन्हाळा काढते. या व्हँडाला देशाच्या काही भागांत रास्ना म्हणून औषधात वापरतात, आणि व्हँडा हे शास्त्रीय नाव सर विल्यम जोन्स यांनी संस्कृतातून उचलले. जमिनीवरच्या आमरी, म्हणजे हॅबेनेरिया, युलोफिया, नर्व्हिलिया यांनी दुसरी तजवीज केली: पावसाळ्यात जगावयाचे, आणि पाऊस सरला की सगळा संसार आवरून कंदाच्या रूपाने मातीत निजून जावयाचे.

रत्नआमरीजवळ यांपैकी काहीच नाही. तिला जाड पान नाही, कंद नाही, झोप नाही. रसाळ, ठिसूळ, जमिनीलगत रांगणारे कांडे आणि वर्षभर हिरवी राहण्याची सवय, एवढेच तिचे भांडवल. तिची एक अगदी जवळची नातलग, झ्यूक्सीन स्ट्रॅट्युमॅटिका, भारतात पुष्कळ ठिकाणी ओलसर गवतात, धानाच्या बांधांसारख्या जागी, बोटभर उंचीने थंडीत फुलते. तिने उन्हाळ्याचा हा प्रश्न फुलून, बी धरून मरून जाण्याने सोडवला, आणि तो उपाय इतका यशस्वी ठरला की १९३६ साली ती अमेरिकेतल्या फ्लोरिडात उपटसुंभासारखी हिरवळीत सापडली व तिथे तण म्हणून पसरली. लुडिसियाला ही वाट उपलब्ध नाही. म्हणून तिचा उन्हाळा आपण काढावा लागतो.

तो कसा काढावा, हीच या विषयातली खरी विद्या. बंद काचपेटी खिडकीत ठेवणे हा सर्वांत घातक मार्ग. लंडनमध्ये जी पेटी उब देते ती येथे एप्रिलातच भट्टी बनते आणि कांडी शिजून लिबलिबीत होतात. माझ्या मते आमच्या बाजूचे खरे साधन म्हणजे कूलर. बाहेरची हवा जितकी कोरडी तितकी वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यातून येणारी हवा अधिक गार होते, हा साधा नियम. त्यामुळे मुंबई-कोकणात जो कूलर निरुपयोगी ठरतो तो चंद्रपुरात खोलीचे तपमान दहा-बारा अंशांनी उतरवतो आणि त्याच खेपेस हवेत ओलावाही सोडतो. माणसाला मे महिन्यात जी खोली सोसते ती लुडिसियालाही सोसते. वातानुकूलन यंत्राची गोष्ट उलट आहे: ते हवा गार करते पण कोरडी पाडते. कुंडी कूलरच्या झोतात मात्र ठेवू नये, खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात, जमिनीजवळ ठेवावी. स्लॅबखालची वरची खोली टाळून खालच्या मजल्यावरची, शक्य तर जुन्या घराचे माजघर निवडावे. घडवंचीवर माठ झिरपत असतो त्याच्या शेजारची जागा तर उत्तमच.

राज्याला वीज पुरवणाऱ्या या जिल्ह्यातही ती केव्हा जाईल याचा नेम नसतो. त्यासाठी जुनी युक्ती हाताशी असावी: कच्च्या मातीची मोठी कुंडी, तिच्या आत लहान कुंडी, आणि मधल्या पोकळीत सतत ओली ठेवलेली रेती. मोठ्या कुंडीच्या भिंतीतून पाणी उडत राहते आणि आतले झाड माठातल्या पाण्यासारखे निवते.

पाण्याबद्दल कडक राहावे. या दोन्ही जिल्ह्यांत पुष्कळ ठिकाणचे विहिरीचे व बोअरचे पाणी जड आहे, काही गावांत फ्लोराइडयुक्तही. त्यातले क्षार पानांच्या कडा तपकिरी करतात आणि मुळांची टोके जाळतात. आषाढ-श्रावणात छपरावरून पडणारे पाणी, पहिल्या एक-दोन सरी सोडून, झाकणाच्या पिंपात साठवावे. दोन-चार कुंड्यांना ते उन्हाळ्यापर्यंत सहज पुरते. या भागात गोंडकाळापासून बांधत आणलेले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, पाऊस अडवून धान पिकवतात. पिंप ही त्याच शहाणपणाची घरगुती आवृत्ती समजावी.

कुंडी उथळ आणि रुंद असावी, कारण कांडे आडवे चालते आणि खोल मातीत त्याला रस नसतो. मिश्रणात नारळाच्या काथ्याचे तुकडे, लाकडी कोळशाचा चुरा, आणि परसातल्या बांबूच्या बेटाखालचा अर्धा कुजलेला पाला असावा. बागेची काळी माती मुळीच घालू नये. मिश्रण हाताला ओलसर लागावे, पिळल्यास पाणी निघू नये. खत पाकिटावर सांगितलेल्या मात्रेच्या चतुर्थांश, महिन्यातून दोनदा पुरे. पिठ्या ढेकूण आला तर ओल्या कापसाने पुसून काढावा, आणि पावसाळ्यात गोगलगाय रात्री येऊन या महागड्या पानांवरच ताव मारते, याची जाणीव ठेवावी.

आता फुलांविषयी. मॅकोडीसचा फुलोरा दिसताच कापून टाकावा, कारण त्याने पाने उतरतात, असा सल्ला अनेक हौशी देतात. मॅकोडीसची फुले बारीक, तपकिरी आणि ओठ वर करून उलटी बसलेली असतात, तेव्हा तिच्यापुरते ते चालेल. लुडिसियाच्या बाबतीत मला हा सल्ला रानटीपणाचा वाटतो. आश्विनाच्या अखेरीस दिवस आखूड होतात आणि रात्री गारवा येतो. तेव्हा तिला थोडा अधिक, पण गाळलेला उजेड द्यावा आणि कूलर बंद करून खिडक्या उघड्या टाकाव्यात. हा दिवसा-रात्रीच्या तपमानातला फरकच तिला फुलण्याचा हुकूम देतो, आणि तो मुंबईकराला मिळत नाही, चांदेकराला फुकट मिळतो. पूर्ण वाढलेल्या कांड्याच्या शेंड्यातून लालसर, लव असलेला दांडा निघतो, दीड-दोन महिने उंच होत राहतो आणि पौषाच्या आसपास त्यावर दहा-वीस पांढरी फुले उमलतात. प्रत्येक फुलाचा ओठ एका बाजूला आणि मधला पिवळ्या टोकाचा स्तंभ दुसऱ्या बाजूला मुरडलेला असतो. आमरींसारख्या काटेकोर समतोलाच्या कुलात हा वाकडेपणा विरळा. फुले तीन-चार आठवडे टिकतात. पारा १२ अंशांखाली जाण्याचा रंग दिसला तर मात्र कुंडी आत घ्यावी. ज्या शेंड्याला फूल आले तो पुढे वाढत नाही. त्याच्या बुडाच्या पेऱ्यांतून नवे फुटवे येतात, म्हणून फूल सरल्यावर झाड खराब दिसते त्याने घाबरू नये.

बियांच्या मागे घरी लागू नये. आमरीचे बी धुळीसारखे, अन्नाचा साठा नसलेले. त्याला रुजण्यासाठी बुरशीची साथ लागते हे नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ साली ओळखले, आणि १९२२ साली अमेरिकेतल्या लुइस नडसनने साखर व क्षारांच्या माध्यमावर बुरशीवाचून बी रुजवून दाखवले. आजची बाजारातली स्वस्त रोपे हे त्या प्रयोगशाळेचेच देणे आहे. घरी दोन-तीन पेऱ्यांचे कांडे कापून ओल्या शेवाळावर आडवे ठेवले की काही आठवड्यांत मुळे सुटतात. यासाठी मृगानंतरचे दिवस सर्वांत चांगले.

विकत घेताना रोप प्रयोगशाळेतले की रानातले, हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे; आमरींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारान्वये नियंत्रित आहे, आणि अॅनेक्टोकायलससारख्या जाती औषधाच्या नावाखाली रानांतून उपसल्या जातात, म्हणून उत्तर गोलमाल आले तर व्यवहार करू नये. मोहावरची व्हँडाही घरी आणू नये. राखीव वनातून ती काढणे १९२७ च्या वनकायद्याने गुन्हा आहे, शिवाय घरात ती बहुधा जगत नाही. गडचिरोलीतल्या आलापल्लीचे सहा हेक्टरांचे वनवैभव २०१४ साली राज्यातले पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाले आहे. ज्याला मूळ अरण्याचा तळ, त्याचा पाला आणि त्याचा अंधार पाहावयाचा असेल त्याने तिथे जाऊन तो पाहावा, पिशवी मात्र रिकामीच आणावी. आणि लुडिसिया घ्यावयाची असल्यास दिवाळीच्या दिवसांत घ्यावी, कारण तेव्हा आणलेले रोप वैशाखापर्यंत मुळे धरते, होळीनंतर आणलेले पहिल्याच उन्हाळ्यात बहुधा दगावते.