नाशिकची पक्कड, बोम्मसंद्राचे हात

बंगळूरजवळच्या बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात जाऊन टेबलाचा खण ओढा. आत काय असेल ते न बघता सांगता येतं. इन्सुलेशन टेपचा अर्धा रोल, इंचाचे आणि मिलिमीटरचे पाने एकमेकांत मिसळलेले, एक टेस्टर आणि मूठ काळवंडलेली एक आठ इंची पक्कड. ही पक्कड बहुतेक वेळा टपारियाची असते, म्हणजे नाशिकच्या सातपूरची. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी इथे नोकरीला आलो तेव्हाही तीच होती. मधल्या काळात होसूर रस्ता रुंद झाला, त्याच्यावर उड्डाणपूल आला आणि १० ऑगस्ट २०२५ ला मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू होऊन तिचं शेवटचं स्टेशन बोम्मसंद्राला आलं. खणातली पक्कड मात्र बदलली नाही. बदललं ते तिच्याभोवतीचं सगळं. तीस वर्षांत चांगलं हत्यार कोणाच्या हातात होतं आणि आता कोणाकडे आहे, हे पाहिलं की या वसाहतीचा इतिहास बराचसा कळतो.

त्या काळात विलायती हत्यार म्हणजे कोणीतरी आणून दिलेली वस्तू असायची. १९९१ च्या अर्थसंकल्पानं सर्वोच्च सीमाशुल्क दीडशे टक्क्यांवर आणलं आणि ती मोठी सवलत मानली गेली. १९९५ पर्यंत ते पन्नासवर आलं. त्याआधीच्या पिढीनं जर्मन पक्कड पाहिली ती यंत्राबरोबर आलेल्या पेटीत. बंगळूरमध्ये अशा पेट्या कमी नव्हत्या. एचएमटी १९५३ साली स्विस ओर्लिकॉनच्या मदतीनं उभी राहिली, एनजीईएफमागे जर्मनीची एईजी होती, आणि मायकोचं बॉशशी नातं १९५१ पासूनचं. परदेशी यंत्र बसवायला आलेला इंजिनीअर जाताना आपली हत्यारपेटी मागे ठेवून गेला, तर तिच्यावर कोणाचा हक्क यावरून भांडणं व्हायची, असं आमचे जुने मेस्त्री सांगत. विलायती हत्याराची भूक अशी भागत होती.

रोजचं काम मात्र देशी हत्यारावरच चाले. टपारियानं १९६९ मध्ये स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानं हातहत्यारं काढायला सुरुवात केली. त्या वेळी या धंद्यात स्वीडनला वजन होतं. एन्चॉपिंग गावच्या योहान पेटर योहानसननं १८९२ मध्ये सरकत्या जबड्याच्या पान्याचं पेटंट घेतलं, तोच पाना पुढे बाहको नावानं जगभर गेला. सातपूरला ही विद्या आली आणि मुरली. योगायोग असा की बंगळूरच्या मायकोनं दुसरा कारखाना काढला तो नाशिकलाच. म्हणजे इथलं इंजेक्टरचं तंत्र तिकडे गेलं आणि तिकडची पक्कड इकडे आली. मी स्वतः नाशिकचा असल्यानं या देवाणघेवाणीचं मला जरा जास्तच कौतुक वाटतं, ते वाचकांनी वजा करून वाचावं.

तेव्हाची पद्धत अशी होती की फिटरची हत्यारं फिटरची असत. कंपनी मोठे पाने, पुलर, टॉर्क रेंच देई. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, कानशी, हातोडी ही ज्याची त्याची. आयटीआयमध्ये महिनोन् महिने कानस चालवून आलेला मुलगा पहिल्या पगारात घरी पैसे पाठवी आणि दुसऱ्या पगारात एसपी रोडला जाई. सिटी मार्केटजवळचा तो सादर पत्रप्पा रोड म्हणजे मुंबईची लोहार चाळ आणि नागदेवी स्ट्रीट एकत्र. दुकानदार बोलायचा राजस्थानी वळणाची कन्नड, गिऱ्हाईक तमिळ, तेलुगू नाहीतर आमच्यासारखं मराठी. आणि सगळे एकच शब्द वापरत, ‘कटिंग प्लेयर’. मी एकदा ‘पक्कड’ म्हणालो तर दुकानदारानं चिमटा पुढे केला.

पक्कड निवडायची कशी, हे मला आमच्या टूलरूमच्या मेस्त्रींनी शिकवलं. ते कोलारकडचे, वयानं मोठे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. दुकानात गेल्यावर ते एकाच जातीच्या पाच-सहा पकडी काढायला लावत आणि पहिली कोणतीच घेत नसत. आधी पक्कड मिटून दिव्याकडे धरायची. जबड्याची टोकं एकमेकांना भिडलेली हवीत आणि कापायच्या धारांमधून उजेड दिसता कामा नये. मग पक्कड उघडून एक मूठ धरायची आणि दुसरी आडवी हलवायची. जोड वर-खाली सहज चालला पाहिजे, पण बाजूला तसूभरही हलता कामा नये. रिव्हेट घट्ट बसवून हा हलका खेळ घालवणं सोपं असतं, पण मग पक्कड उघडायला दोन्ही हात लागतात. सैल नाही आणि जड नाही, असा जोड साधणं हेच कारागिराचं काम. शेवटी खिशातून ते पातळ कागदाची पट्टी काढत आणि धारेच्या टोकाशी धरून दाबत. कागद स्वच्छ तुटला तर धार शेवटपर्यंत नीट घासली आहे. फाटला तर पक्कड परत.

‘पोलाद दुकानात दिसत नाही,’ ते म्हणायचे, ‘जोड दिसतो. ज्यानं जोड नीट केला त्यानं पाणीही नीट दिलं असणार.’

हे बऱ्याच अंशी खरं आहे. पकडीचं पोलाद तापवून ठोकून आकाराला आणतात, मग सगळ्या पकडीला पाणी देऊन ती कडक करतात आणि पुन्हा थोडी तापवून तिचा ठिसूळपणा काढतात. धारा तेवढ्या पुन्हा वेगळ्या, विजेच्या कुंडलीत क्षणभर तापवून जास्त कडक करतात. मूठ चिवट हवी, वाकली तरी चालेल पण तुटायला नको. धार मात्र खिळ्यावर पडली तरी दबता कामा नये. एकाच तुकड्यात या दोन विरुद्ध गोष्टी साधायच्या असतात. स्वस्त पक्कड बहुतेक इथेच पैसे वाचवते. ती पहिला महिना तांब्याची तार लोण्यासारखी कापते आणि पहिल्या स्प्रिंगच्या तारेला धारेवर अर्धचंद्र पडतो. त्या अर्धचंद्रातून पुढे तांब्याची तारही निसटते.

१ एप्रिल २००१ ला आयातीवरचे उरलेसुरले परिमाणात्मक निर्बंध उठले. त्या फेरीत ७१५ वस्तू होत्या. एसपी रोडच्या फुटपाथवर त्याचा परिणाम दोन-तीन वर्षांत दिसला. सेहेचाळीस तुकड्यांचा सॉकेट सेट हिरव्या-काळ्या प्लास्टिकच्या पेटीत आला, आणि देशातल्या प्रत्येक मोटारसायकलवाल्याच्या घरी गेला. चकचकीत क्रोम, पारदर्शक वेष्टण आणि पक्कड, नोज प्लायर, साईड कटर अशी तिन्ही मिळून नाशिकच्या एका पकडीच्या किमतीत. त्यातली नोज प्लायर दाबली की टोकं एकमेकांच्या शेजारून निघून जात. तरी ती खपली, कारण घेणाऱ्याला रोज लागत नव्हती. चिनी हत्यारांना शिव्या देणाऱ्यांत मी पुढे होतो. पण घरात कधीच हत्यार नव्हतं अशा लाखो घरांत पहिलं हत्यार आलं ते याच पेटीतून, हेही मान्य केलं पाहिजे.

कारखान्यातला खरा बदल याहून गाजावाजा न करता झाला. बिडदीला टोयोटाची मोटार बनू लागली, होसूरला दुचाक्या आणि ट्रक आधीपासून होतेच. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांना जपानी शिस्त लागली. भिंतीवर फळी, फळीवर प्रत्येक हत्याराची रंगवलेली आकृती, जागा रिकामी दिसली की सुपरवायझरची धावपळ. शिस्त चांगलीच. पण या फळीवरची पक्कड कोणाचीच नव्हती. फिटरच्या कुलूपबंद पेट्या गेल्या आणि हत्यारखरेदी परचेस खात्याकडे गेली. तिथे तीन कोटेशनं येतात, ‘पक्कड ८ इंच, नग २४’ असं लिहिलेलं असतं, आणि सर्वांत कमी दरवाला जिंकतो. दिव्याकडे धरून पाहणारा माणूस या साखळीत कुठेच उरला नाही. मला विचाराल तर हातहत्यारांची प्रत घसरायला चीनपेक्षा ही तीन कोटेशनं जास्त जबाबदार आहेत. एकाच खोलीत कोनरॉडचा व्यास हजारांश मिलिमीटरमध्ये मोजणारं यंत्र आणि शेजारी धार दबलेली साईड कटर, हे दृश्य मी या वसाहतीत अनेक ठिकाणी पाहिलं आहे.

खंडेनवमीला तेवढी ही हत्यारं पुन्हा कोणाची तरी होतात. इथे तिला आयुधपूजा म्हणतात आणि आपल्याकडच्यापेक्षा ती कितीतरी मोठी असते. आदल्या दिवशी दुपारपासून यंत्रं थांबतात, फळीवरची हत्यारं रॉकेलनं धुऊन कापडावर मांडतात, लेथला केळीचे खुंट बांधतात. पूजेनंतर कुंकू भरलेला कोहळा गेटवर फुटतो आणि चुरमुऱ्यांच्या पिशव्या वाटल्या जातात. तेव्हा पाहावं, प्रत्येक जण आपल्या रोजच्या पकडीला स्वतः कुंकू लावतो, आणि ती नेमकी कोणती हे त्याला माहीत असतं.

साधारण २०१२-१५ नंतर एक नवीनच जात दिसू लागली. इलेक्ट्रॉनिक सिटीतली संगणकवाली मुलं. हातानं काम करण्याचा पोटापाण्याशी संबंध नाही, पण हत्यारांचं वेड जबर. आमच्या सोसायटीतल्या एकाच्या कपाटात मी वुपर्टालच्या क्निपेक्सच्या पकडी ओळीनं लावलेल्या पाहिल्या. १८८२ पासूनचं घराणं, पकडींशिवाय फारसं काही करत नाही. शेजारी अमेरिकेच्या मीडव्हिलची निळ्या मुठीची चॅनेललॉक, स्वीडिश पाना. त्यातल्या एकेका पकडीची किंमत नाशिकच्या आठ-दहा पकडींएवढी. त्यानं पाण्याच्या पाइपाला लावायची सरकती पक्कड माझ्या हातात दिली. बटण दाबून जबडा जागेवर आणायचा, आणि मग हात सोडला तरी ती पाइपावर स्वतःच्या जोरावर धरून राहते. दात्यांचा कोन असा काढला आहे की मूठ जितकी दाबावी तितका जबडा जास्त चावतो. मला हेवा वाटला हे खरं. आणि वाईटही वाटलं, की ती पक्कड वर्षातून दोनदा नळाला लागणार.

पण या मुलांना हसण्यात अर्थ नाही. अण्णांची दिव्याची परीक्षा, कागदाची परीक्षा आज त्यांनाच येते. रविवारी सकाळी चिकपेटच्या जुन्या बाजारात तेच दिसतात, गंजलेल्या ढिगातून ‘वेस्ट जर्मनी’ अशी छाप असलेली पक्कड हुडकताना. ती छाप असली म्हणजे माल १९९० च्या आधीचा, एवढं साधं गणित. एनजीईएफ बंद पडली, एचएमटीची खाती एकामागून एक आटली, आणि त्या काळानंतर अशा पकडी या बाजारात बऱ्याच दिसू लागल्या. कुठून आल्या हे विचारायचा रिवाज नाही. संग्रह करायचा तर माझा सल्ला त्यांना एवढाच असतो: सेट घेऊ नका. जे काम अडलं त्याचं एक हत्यार घ्या, परवडेल तितकं उत्तम घ्या, आणि ते वापरून झिजवा. वायरिंगसाठी पक्कड, इलेक्ट्रॉनिक्ससाठी लहान साईड कटर, सर्क्लिपसाठी आतली आणि बाहेरची अशा दोन, एक सरकती. यापुढचं सगळं हौस. हौसेला माझी हरकत नाही, पण तिला गरज म्हणू नये.

नीती आयोगानं एप्रिल २०२५ मध्ये हत्यारांच्या उद्योगावर अहवाल काढला. हातहत्यारांच्या जागतिक व्यापारात भारताचा वाटा १.८ टक्के, निर्यात सुमारे ६० कोटी डॉलर. चीनचा वाटा निम्म्याच्या आसपास. पोलाद महाग, कर्ज महाग, वाहतूक महाग, ही कारणं त्यात आहेत आणि ती खरी आहेत. निर्यातीचा बराचसा माल जालंधर-लुधियानाकडचा. ज्या देशात हत्यार घेणारा माणूस ते वापरणारा नसतो, तिथे बनवणाऱ्यावर चांगलं बनवायची सक्ती कोण करणार, हे मात्र अहवालात येत नाही.

सक्ती आली ती भलत्याच दिशेनं. गेल्या काही वर्षांत वसाहतीत बॅटरीवरच्या गाड्यांचे भाग, सोलर इन्व्हर्टर, चार्जर यांचं काम वाढलं. बॅटरीच्या गठ्ठ्यात अनेकदा चारशे व्होल्ट डीसी असतात आणि तिथे साध्या प्लास्टिकच्या मुठीची पक्कड चालत नाही. मुठीवर जोड-त्रिकोणाची खूण आणि ‘१००० व्होल्ट’ लिहिलेलं हवं. आयईसी ६०९०० या मानकाप्रमाणे असं प्रत्येक हत्यार दहा हजार व्होल्टवर तपासून मगच बाहेर पडतं, नमुन्यादाखल एखादं नव्हे. गिऱ्हाईक कंपनीचे ऑडिटर येऊन पहिल्यांदा तेच बघतात. त्यामुळे परचेस खात्याला पहिल्यांदाच कोटेशनमध्ये फक्त ‘८ इंच’ लिहून भागेना. आमच्याकडे आता लाल-पिवळ्या मुठींच्या अशा पकडी वेगळ्या कपाटात आहेत. शिफ्ट सुरू होताना नाव लिहून घ्यायची, मुठीला चीर नाही ना हे बघून सही करायची, संपताना परत द्यायची. दर सहा महिन्यांनी सुरक्षा अधिकारी त्या एकेक करून तपासतो आणि एखादी रद्द करतो. मागच्या वेळी त्यानं दोन बाद केल्या. एकीच्या मुठीला टाचणीएवढं भोक होतं. दुसरीची मूठ धड होती, धारही शाबूत होती, पण तिचा जोड बाजूला हलत होता.