गाडी तिथे, ड्रायव्हर इथे

ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. डोळ्यांनी पाहायचं, मेंदूने समजून घ्यायचं आणि बोट हलवायचं, यात माणसाचा सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज जातो. तेवढ्यात गाडी चार मीटर पुढे गेलेली असते. मोठ्या रस्त्यावर चार मीटर म्हणजे फार तर एका गाडीची लांबी. इथली गाडी मात्र दीड फुटाहूनही आखूड आहे, म्हणजे ती स्वतःच्या नऊ लांब्या पुढे निघून गेलेली असते. डोळ्यांना दिसेल त्याप्रमाणे चालवू म्हटलं, तर वळण केव्हाच मागे पडलेलं असतं.

आणि चालवणारा गाडीत नसतोच. तो ट्रॅकच्या एका कडेला उंच मचाणावर, हातात ट्रान्समीटर घेऊन इतर स्पर्धकांच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो. अशा अवस्थेत पाच-पाच मिनिटं, हजारांश सेकंदाच्या हिशोबात एकमेकांना मागे टाकण्याच्या या खेळाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरते. जर्मनीच्या मार्क राइनार्डने ती २००४, २००८ आणि २०१० अशी तीनदा जिंकली. जपानच्या मासामी हिरोसाकाने रस्त्यावरच्या आणि मातीतल्या वेगवेगळ्या गटांत मिळून १४ जागतिक विजेतेपदं मिळवली. रिमोटची गाडी म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारं खेळणं इथे बाजूला ठेवावं लागतं.

या खेळातला एक मानाचा गट आहे टूरिंग कारचा. खऱ्या सेडानच्या एक दशांश आकाराची, १९० मिलीमीटर रुंद गाडी. सांगाडा कार्बन फायबरचा, चारही चाकांना ताकद पोचवायला दातेरी पट्टे, आणि वरचं कवच पातळ पॉलिकार्बोनेटचं. हे कवच आतल्या बाजूने रंगवतात. बाहेरून कितीही खरचटलं तरी रंग शाबूत राहतो, आणि चमक फुकटात मिळते. वजन साधारण १३५० ग्रॅम.

हा आकडा जरा निरखून पाहण्यासारखा आहे. १३५० किलोची एखादी सेडान घ्या आणि तिची लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी दहापट कमी करा. वजन हजारपट कमी होईल, म्हणजे नेमकं १३५० ग्रॅम! आकार लहान करताना सगळ्या गोष्टी मात्र सारख्या प्रमाणात लहान होत नाहीत. गाडी स्वतःभोवती फिरायला जो विरोध करते, तो वजनावर आणि लांबीच्या वर्गावर ठरतो, म्हणून तो लाखपट कमी होतो. तिला फिरवणारा टायरचा जोर वजनाबरोबर हजारपट आणि तरफेची लांबी दहापट कमी होते, म्हणजे फिरवण्याची ताकद दहा हजारपटच घटते. विरोध लाखपट कमी, ताकद दहा हजारपट कमी. फरक दहापटीचा, आणि तो सगळा चपळाईच्या पदरात पडतो.

गणित पुढे नेलं की वेळेचाही पट बदलतो. दहाचं वर्गमूळ सुमारे ३.१६. छोट्या गाडीच्या आयुष्यात घटना साधारण तेवढ्या पटीने भरभर घडतात. खेळण्यांच्या खोक्यांवर वेगाला सरळ दहाने गुणून 'ताशी ७०० किलोमीटरच्या तोडीचा' वगैरे लिहितात. खोक्यावर ते शोभतं. भौतिकशास्त्राला पटेल असा गुणाकार ३.१६ चा आहे. ताशी ७२ म्हणजे मोठ्या गाडीचे सव्वादोनशेच्या पुढे, आणि पाच मिनिटांची शर्यत म्हणजे जवळपास सोळा मिनिटांची. मला हे जास्त थरारक वाटतं, कारण हे खरं आहे.

ताकदीचाही हिशोब करू. बॅटरी ७.४ व्होल्टची. पाच मिनिटांत तिच्यातून तीन अँपिअर-तास वीज वापरली गेली असं धरा. सरासरी ३६ अँपिअर, म्हणजे २६५ वॅटच्या वर. घरातले साडेतीन पंखे जेवढी वीज खातील तेवढी सव्वा-दीड किलोच्या या वस्तूत सतत ओतली जात असते. ही झाली सरासरी; सरळ पट्ट्यावर जोर लावतानाचा आकडा याहून खूप मोठा.

आता पुन्हा मचाणावर येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. मोठ्या गाडीत बसलेल्याला मागची चाकं घसरू लागली की डोळ्यांच्या आधी कमरेला कळतं. स्टिअरिंग हलकं लागतं, टायर ओरडतो, सीट एका बाजूला ढकलते. मचाणावरच्या ड्रायव्हरकडे यातलं काही नाही. त्याच्याकडे फक्त डोळे, आणि गाडी वीस-तीस मीटर दूर. शिवाय गाडी त्याच्यापासून दूर जाते तेव्हा तिचं उजवं ते त्याचं उजवं. तीच गाडी त्याच्याकडे तोंड करून यायला लागली की सगळं उलटं. नवशिक्या इथेच ट्रॅकच्या कडेच्या फळीवर आदळतो. मुरलेल्याला विचारलं तर तो म्हणतो, आता उजवं-डावं असं काही डोक्यात येतच नाही. तो मनाने गाडीत जाऊन बसलेला असतो.

जे दिसेल त्यावर चालवता येत नाही, म्हणून तो पुढे काय होणार आहे त्यावर चालवतो. गाडी अमुक जागी पोचेल तेव्हा ती काय करील, हे त्याला आधी ठाऊक असावं लागतं. पिटच्या, म्हणजे गाड्या तयार करण्याच्या जागेतल्या, टेबलांवर चाललेल्या किरकिऱ्या कामाचा अर्थ इथे लागतो. गाडीची जमिनीपासूनची उंची पाच मिलीमीटरच्या आसपास ठेवायची आणि ती दशांश मिलीमीटरने कमीजास्त करायची. चाकांचा कल अर्ध्या-अर्ध्या अंशाने बदलायचा. सस्पेन्शनच्या टोकाखाली कागदाइतकी पातळ चकती सरकवायची. मागच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे वळणावर डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेत, सिलिकॉन तेल भरतात; ते किती दाट असावं यावर तास तास वाद चालतात. हे सगळं वेगासाठी चाललंय असं पाहणाऱ्याला वाटतं. माझ्या मते त्यातलं निम्मंअधिक काम गाडी विश्वासू व्हावी म्हणून असतं. एका फेरीत चमकणारी नाठाळ गाडी पाच मिनिटांत कुठे ना कुठे दगा देतेच.

ट्रॅकचं प्रकरण याहून मजेदार. उघड्यावरच्या डांबरी ट्रॅकवर पकड वाढावी म्हणून अनेक ठिकाणी साखरेचं पाणी फवारतात. खरोखरची साखर! पाणी उडून जातं, चिकट थर उरतो, आणि ट्रॅकवर चालणाऱ्यांचे बूट चटचट वाजतात. बंदिस्त जागेत गालिचावर शर्यती होतात. अमेरिकेत क्लीव्हलँडला थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत भरणारी गालिचावरची स्पर्धा या मंडळींत प्रसिद्ध आहे. तिथे टायरला पकड वाढवणारं द्रव्य चोपडायचं आणि वर इलेक्ट्रिक वॉर्मर गुंडाळून टायर शेकत ठेवायचे, हा शर्यतीआधीचा नित्यविधी.

पण पकड जास्त झाली तरी पंचाईत. वळणावर टायर घसरायला तयारच नसतो, मग गाडी सरळ कलंडते. याला ट्रॅक्शन रोल म्हणतात. उपाय काय, तर टायरच्या बाहेरच्या कडेला सुपरग्लू लावून ती कडक करायची, म्हणजे तेवढ्या भागाची पकड जाते. एका हाताने पकड वाढवायची आणि दुसऱ्या हाताने तीच कमी करायची, यातला विनोद त्यांच्यापैकी कुणाला जाणवत असेल असं वाटत नाही. सगळे फार गंभीर असतात.

या वेडाची एक सुरुवात जपानमधल्या शिझुओका शहरात सापडते. १९७६ साली तिथल्या तामिया कंपनीने एक बारांश आकाराची पोर्श ९३४ ही रेडिओवर चालणारी इलेक्ट्रिक गाडी बाजारात आणली. मूळ गाडीची खात्रीची माहिती हवी म्हणून कंपनीने खरीखुरी पोर्श ९११ विकत घेतली आणि चक्क खोलून सुटी केली. मॉडेल दिसायला हुबेहूब हवं, हा तो ध्यास. ती छोटी गाडी पळवायची, मग दुसऱ्याच्या पुढे पळवायची, हे ओघाने आलंच.

त्या काळी लढाई असायची विजेशी. निकेल-कॅडमियमचे सहा सेल, ७.२ व्होल्ट, क्षमता १२०० मिलीअँपिअर-तास, आणि एक बारांश गाड्यांची शर्यत आठ मिनिटांची. सुरुवातीलाच जोर केला तर सातव्या मिनिटाला पुढे असलेली गाडी आचके देत थांबायची. मग लोक एकेक सेल मोजून, सारख्या गुणाचे सहा निवडून जोडायचे. मोटरमध्ये कार्बनचे ब्रश असत. ते ज्यावर घासत तो तांब्याचा कम्यूटेटर दर एक-दोन शर्यतींनी छोट्या लेथवर तासून गुळगुळीत करावा लागे. पिटमध्ये लेथ! पुढे लिथियम-पॉलिमर बॅटरी आणि ब्रशविरहित मोटर आली, आणि ही सगळी विद्या अडगळीत गेली. वीज वाचवत जिंकण्याचा डावही तिच्याबरोबर गेला, याची थोडी हळहळ वाटते. पण नवख्या माणसाला आता लेथ विकत घ्यावा लागत नाही, हेही खरं.

बंधनं आली ती वेगळ्या रूपात. लिथियम बॅटरी ८.४ व्होल्टपेक्षा जास्त चार्ज केलेली चालत नाही; शर्यतीआधी मीटर लावून तपासतात. मोटरच्या तारेचे वेढे ठरवून गट पाडतात: वेढे कमी तितकी मोटर बेफाम. साडेचार वेढ्यांची मोटर निष्णातांसाठी, साडेसतरा वेढ्यांची जरा सबुरीची. या सबुरीच्या गटात स्पीड कंट्रोलरमधून मोटरला चोरून जोर देता येऊ नये म्हणून त्याला एका साध्या अवस्थेत लॉक करतात, आणि तो तसा आहे हे दाखवायला त्यावरचा दिवा लुकलुकत राहतो. तपासनीस फक्त दिवा बघतो.

वेळ मोजायला प्रत्येक गाडीत एक चिमुकला ट्रान्सपाँडर असतो आणि अंतिम रेषेखाली तारेचं वेटोळं पुरलेलं असतं. पाच मिनिटं संपली की चालू असलेली फेरी पुरी करायची. किती फेऱ्या आणि त्यांना किती वेळ, हा निकाल. प्राथमिक फेऱ्यांत गाड्या एकामागोमाग थोड्या अंतराने सुटतात, म्हणजे पुढची गाडी कोण यापेक्षा प्रत्येकाची झुंज घड्याळाशी असते. अंतिम फेरीत मात्र सगळे एकदम, आणि पहिल्या वळणावर जे व्हायचं ते होतंच.

उलटलेली गाडी ड्रायव्हर मचाणावरून सरळ करू शकत नाही. त्यासाठी प्रत्येक वळणावर मार्शल उभे असतात, आणि ते कुणी पगारी नसतात. ज्यांची शर्यत नुकतीच संपली तेच ड्रायव्हर पुढच्या शर्यतीला मार्शल होतात. आताच ज्याने कुणाला फळीवर दाबलं, तोच पुढच्या शर्यतीत धावत येऊन दुसऱ्या कुणाची गाडी उचलून सरळ ठेवणार, आणि तीही येणाऱ्या इतर गाड्या चुकवून, त्यांना आडवं न येता. जगज्जेत्यालाही यातून सूट नाही. अनेक ठिकाणी मार्शलच्या जागेवर न गेलेल्या ड्रायव्हरची सर्वांत चांगली प्राथमिक फेरीच खोडून टाकतात. म्हणून शर्यत संपली की गाडी टेबलावर जेमतेम टेकवून मंडळी ट्रॅककडे पळत सुटतात.