तुमच्या फोनमधली चिप आणि केंब्रिजचं सायन्स पार्क

हा भाग तुम्ही ज्या फोनवर ऐकताय, तो अँड्रॉइड असो की आयफोन, त्याचा प्रोसेसर बहुतेक 'आर्म' नावाच्या आर्किटेक्चरवर चालतो. आर्म ही इंग्लंडमधल्या केंब्रिजची कंपनी. दीड लाखही वस्ती नसलेल्या गावात ती कशी उभी राहिली? आज तेच बघूया.

गंमत म्हणजे, केंब्रिजला आधी उद्योग नकोच होते. विद्यापीठाचं शांत गाव बिघडेल म्हणून १९५० च्या नगररचना आराखड्यात उद्योगांवर बंधनं घातली गेली. १९६० च्या दशकात आयबीएमला तिथं संशोधन केंद्र काढायचं होतं, तर त्यांनाही परवानगी मिळाली नाही! मग विद्यापीठालाच वाटू लागलं की हे जरा अति होतंय. भौतिकशास्त्रज्ञ नेव्हिल मॉट यांची समिती नेमली गेली. १९६९ मध्ये तिनं सांगितलं, विज्ञानावर आधारलेल्या उद्योगांना जवळ येऊ द्या. ट्रिनिटी कॉलेजकडे गावाच्या उत्तरेला पडीक जमीन होती. १९७० मध्ये तिथं सायन्स पार्क सुरू झालं. अट एकच, काम संशोधनाशी निगडित हवं. गोदाम टाकायला जागा मिळणार नाही. पहिली कंपनी यायला १९७३ उजाडलं, म्हणजे सुरुवात अगदी संथ.

आता आर्मकडे येऊ. १९७८ मध्ये केंब्रिजमध्ये 'एकॉर्न' ही कॉम्प्युटर कंपनी निघाली. तिच्या दोन संस्थापकांपैकी हर्मन हाउझर विद्यापीठात पीएचडी करायला आलेले. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे इंजिनिअरही केंब्रिजमध्येच शिकलेले. या दोघांनी डिझाइन केलेली पहिली आर्म चिप १९८५ मध्ये चालू झाली. पण त्याच वर्षी एकॉर्न पैशांच्या अडचणीत आली आणि इटलीच्या ऑलिव्हेटीनं तिचा ताबा घेतला. चिपचं काम मात्र थांबलं नाही. १९९० मध्ये एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय यांनी मिळून आर्म वेगळी काढली. १२ इंजिनिअर, आणि ऑफिस म्हणजे केंब्रिजजवळच्या एका खेड्यातलं जुनं कोठार!

थांबा, म्हणजे आर्म सायन्स पार्कात सुरूच झाली नाही? नाही झाली. मला या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच वाटतो. पार्कनं इमारती दिल्याच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे 'इथं कंपनी काढायला हरकत नाही' हा निरोप गावभर पोचवला. बाकीचं काम माणसांनी केलं. प्राध्यापकांच्या शोधांवर विद्यापीठानं बरीच वर्षं फारसा हक्क सांगितला नाही, त्यामुळे लॅबमधली कल्पना बाहेर नेणं सोपं गेलं. एक कंपनी बुडाली तर घर न बदलता गावातच दुसरीकडे नोकरी मिळायची, म्हणून लोक धोका पत्करू शकले. आणि ज्यांनी कमावलं, त्यांनी पुढच्यांवर पैसे लावले. हाउझर यांनीच १९९७ मध्ये गुंतवणूक फर्म काढली.

मी स्वतः आयटी पार्कात काम करतो. काचेच्या इमारती आहेत, फूड कोर्ट आहे. पण शेजारच्या कंपनीत काय चालतं हे मला माहीत नाही, आणि प्राध्यापक तर तिथं कधी दिसलेच नाहीत. आपल्याकडे दोन्हीला सरसकट 'पार्क' म्हणतात, म्हणून घोळ होतो.

वेगळं काम आपल्याकडेही चाललंय. चेन्नईच्या आयआयटी मद्रास रिसर्च पार्कमध्ये कंपनीला नुसतं भाडं भरून चालत नाही. संस्थेबरोबर संशोधन करून, विद्यार्थ्यांना इंटर्नशिप देऊन क्रेडिट मिळवावी लागतात. पुण्यात पाषाणला एनसीएलच्या आवारात २००७ पासून व्हेंचर सेंटर आहे. विकत घेणं परवडणार नाही अशी उपकरणं स्टार्टअपना तिथं वापरायला मिळतात.

तेव्हा तुमच्या जिल्ह्यात नव्या पार्कची घोषणा झाली, तर किती एकर आणि किती मजले हे नंतर विचारा. जवळ लॅब कुठली, तिथली मुलं आत कशी येणार आणि कंपनी बुडाली तर ती जाणार कुठं, हे आधी विचारा.

भेटूया पुढच्या भागात. तुमच्या कॉलेजात इनक्युबेटर असेल, तर तिथं खरंच काय चालतं ते मला नक्की कळवा!